ब्लॅक पावडर की कंपोझिट?

अमेरिकेतल्या भाच्याचा प्रश्न: मामा, मॉडेल रॉकेटसाठी डी-ई वर्गातली मोटर हवी आहे (अक्षर जितकं पुढचं, तितकी मोटर मोठी), एकदाच वापरायची ब्लॅक पावडरची, म्हणजे काळ्या दारूची घेऊ, की पुन्हा भरता येणारी, रीलोड होणारी कंपोझिट (रबरासारख्या मिश्रणाच्या इंधनाची)?

खर्चाचं म्हणशील तर पहिलीत फक्त मोटर घ्यायची. दुसरीला आधी ॲल्युमिनियमची केसिंग, म्हणजे बाहेरची नळी, घ्यावी लागते आणि ती भरपूर उडवलीस तरच वसूल होते.

ताकदीत तुलनाच नाही. अमोनियम परक्लोरेटचं कंपोझिट तेवढ्याच वजनात ब्लॅक पावडरच्या दुपटीहून जास्त जोर देतं.

पण खटाटोप! ओ-रिंगला, म्हणजे सांधा बंद करणाऱ्या रबरी कडीला ग्रीस लाव, सुटे भाग क्रमाने भर, उडवल्यावर केसिंगमधली काजळी घासून काढ. इग्नायटर, म्हणजे मोटर पेटवणारी तार, थेट आत टोकापर्यंत गेला नाही तर बटण दाबूनही रॉकेट ढिम्म. माझं एकदा लागोपाठ तीनदा असं झालं, मागे पोरं खिदळत होती. ब्लॅक पावडर मात्र चटकन पेटते, म्हणून दोन टप्प्यांच्या रॉकेटला दोन्ही टप्प्यांत तीच बरी. फक्त ती तापलेल्या गाडीत ठेवू नकोस. आतल्या दाबून भरलेल्या दारूला तडा गेला तर पेटताच फुटते.

महिन्यातून एकदा, मुलांसोबत उडवणार असशील तर ब्लॅक पावडर घे. पुढे एच वर्गाच्या मोठ्या मोटरी उडवायचं लेव्हल वन सर्टिफिकेट काढायचं असेल तर आत्ताच रीलोडवर हात बसव.