नर्स, जवान आणि दोन जाती: कोर्ट मॅरेज की विधी करून ग्रामपंचायतीत नोंद?

एक हिंदू, दुसरा मुस्लिम आणि धर्म कोणालाच बदलायचा नसेल, तर तुलनेचा प्रश्नच नाही. 1954 चा विशेष विवाह कायदा, विषय संपला. घोळ होतो तो नर्स बौद्ध आणि जवान कुणबी किंवा तेली असला की. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे, म्हणून त्यांच्यापुढे दोन रस्ते असतात: विशेष विवाह कायद्याखालचं कोर्ट मॅरेज, किंवा विधी करून नोंद.

कोर्ट मॅरेजचा दाखला पक्का. विधी झाला होता का, हे नंतर कोणी विचारत नाही. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात 30 दिवस वास्तव्य लागतं. नर्सच्या पोस्टिंगवर ते भागतं. नोटीस ऑनलाइनही देता येते.

अडतं ते नोटिशीपाशीच. ती 30 दिवस कार्यालयाच्या फलकावर राहते. नर्स गडचिरोलीतल्या आरमोरीची आणि जवान बुलडाण्यातल्या मेहकरचा असेल, तर प्रत बुलडाण्यालाही जाते आणि तिथेही लागते. ही कार्यालयं मुद्रांक-नोंदणी खात्याची. खरेदीखत, हक्कसोड करायला गावचीच माणसं तिथे तासन् तास नंबर लागायची वाट बघत बसलेली असतात; फलक नाही वाचायचा तर काय करायचं? घरी सांगायच्या आधी बातमी पारावर. आमचा कल दुसऱ्या रस्त्याकडे झुकला तो इथेच.

सुटीचं गणित वेगळंच. जवानाची वार्षिक सुटी 60 दिवसांची. घरी आल्यावर नोटीस दिली तर निम्मी वाट बघण्यातच जाते, म्हणून ती सुटीच्या आधीच द्यावी. पण नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती रद्द होते, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मे 2025 मध्ये सुटीवरच्या जवानांना परत बोलावलं होतं. अशा वेळी तीन महिने कधी उलटतात, कळतही नाही.

दुसऱ्या रस्त्यात आधी विधी, मग नोंद. नोंद 1998 च्या राज्य कायद्याखाली होते, आधी नोटीस नाही. गावात ग्रामसेवकाकडे, शहरात नगरपरिषदेत नमुना ‘ड’ भरायचा. तीन साक्षीदार लागतात, मुदत लग्नापासून 90 दिवस. लग्न लावणाऱ्याची सही त्याच दिवशी मांडवातच घ्या. भंतेजी पुढच्या गावी निघून गेले की नमुना अडकलाच म्हणून समजा. विधी मात्र खरा हवा. नुसत्या कागदावरचं लग्न हिंदू विवाह कायद्यात टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केलं आहे. वंदना म्हणताना, हार घालताना, साक्षीदारांसह, असे फोटो जपून ठेवा.

आंतरजातीय लग्नाचे 50,000 रुपये दोन्ही रस्त्यांनी मिळू शकतात. अर्ज जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात.

घरचे राजी असतील आणि सुटीची खात्री असेल तर कोर्ट मॅरेज वाईट नाही, थोडं सुटसुटीतच म्हणावं लागेल. पण सीमेवर ताण असेल, घरी विरोध असेल, तर आमचा कल दुसऱ्या रस्त्याकडे. मात्र दाखल्यावरची नावं आधार आणि जवानाच्या सर्व्हिस रेकॉर्डशी अक्षरन् अक्षर जुळवून घ्या. एका वेलांटीपायी पार्ट टू ऑर्डर (लग्नाची फौजेच्या रेकॉर्डमध्ये नोंद करणारा आदेश) अडते, आणि ती निघेपर्यंत फौजेच्या कागदावर तो अविवाहितच. फॅमिली पेन्शनला हाच कागद पुढे येतो. दाखला युनिटला नुसता पोस्टाने पाठवून भागवू नका. जवानाने रुजू होताना सोबत न्यावा, एक प्रत नर्सजवळ राहू द्यावी.