मे महिन्यात जाणार असाल तर: सिएना की ऑर्व्हिएतो?

इटलीत रोम ठरलंय, फ्लॉरेन्स ठरलंय, मधे एक दिवस मोकळा आहे, तर सिएना करू की ऑर्व्हिएतो? सहल स्वतः आखणारे नात्यागोत्यातले निदान चार जण मला हे विचारून गेलेत. आम्ही दोन्ही गावं एकाच मे महिन्यात, चार दिवसांच्या अंतराने पाहिली. सोबत सत्तरी ओलांडलेली आई होती, तेव्हा पुढचं सगळं तिच्या गुडघ्यांसकट वाचावं.

वाड्यांपुरतं बोलायचं तर सामना एकतर्फी आहे. सिएनाच्या त्या उतरत्या शिंपल्यासारख्या चौकात, काम्पोत, उभा असलेला पलाझ्झो पुब्लिको हा कुणा राजाचा वाडा नव्हे, कारभाऱ्यांचा. १२८७ ते १३५५ या काळात गाव चालवणारं नऊ जणांचं मंडळ जिथे बसायचं, त्याच खोलीच्या भिंतींवर आंब्रोज्यो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये चांगला कारभार आणि वाईट कारभार समोरासमोर रंगवलाय. चांगल्या बाजूला गवंडी छपरावर काम करतायत, रस्त्यात फेर धरून नाच चाललाय, शेतकरी माल घेऊन वेशीतून येतायत. वाईट बाजूचा रंग बराच उडालाय. आपल्याकडच्या एखाद्या महापालिकेच्या सभागृहात असं चित्र असतं तर, असा विचार मनात आलाच. ऑर्व्हिएतोतही पलाझ्झो देल पोपोलो आहे, दुओमोशेजारी (दुओमो म्हणजे गावातलं मुख्य चर्च) पोपचे जुने वाडे आहेत, पण बाहेरून पाहून पुढे गेलं तरी फार चुकल्यासारखं वाटत नाही.

खरी स्पर्धा दोन दुओमोंची. दोन्हींना काळ्या-पांढऱ्या दगडांचे पट्टे, दोन्हींचे दर्शनी भाग कोरीव. सिएनाचा आतून अधिक भरगच्च आहे, हे प्रामाणिकपणे सांगतो. पिन्तुरिक्क्योने रंगवलेलं पिक्कोलोमिनी ग्रंथालय पाहून बायको खूश झाली. पण मी गेलो होतो फरशीसाठी. तिथली जमीन म्हणजे संगमरवरात कोरलेली आणि जडवलेली छप्पन्न चित्रं. चौदाव्या शतकात सुरू झालेलं हे काम एकोणिसाव्यापर्यंत चाललं होतं. मी महिनाभर त्याबद्दल वाचत होतो. आत पाऊल टाकलं, तर पायाखाली तपकिरी फळ्या. भिंतीपासून भिंतीपर्यंत. काही चित्रं दोरी बांधून उघडी ठेवली होती, त्यांच्याभोवती तीन-तीन रांगांत माणसं उभी. मला एका कोपऱ्यातून कुणाच्या तरी झग्याची किनार तेवढी दिसली. आईने विचारलं, "रंगकाम चाललंय का?"

चूक माझीच. माणसांच्या पायांनी झिजू नये म्हणून फरशी वर्षातला बराच काळ झाकून ठेवतात. सगळी एकदम उघडते ती साधारण जून-अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, मधले काही दिवस सोडून. झाकलेल्या दिवसांत तिकीट थोडं स्वस्त असतं, आणि मी मूर्खासारखा त्या स्वस्ताईवर खूश झालो होतो. आता आपल्या सुट्ट्या आठवा. मुलांच्या शाळा असलेलं मराठी घर परदेशी जाणार ते मे महिन्यात, नाहीतर दिवाळीत. दोन्ही वेळा फळ्याच. कुणाला ही बाब किरकोळ वाटेल, वाटू दे. पण शंभर रुपयांचं ताट मागवावं आणि आमटीचं भांडं झाकूनच ठेवलेलं असावं, तसं मला दिवसभर होत राहिलं.

ऑर्व्हिएतोत झाकलेलं काही नाही. दुओमोच्या सान ब्रित्झिओ चॅपेलमधल्या, म्हणजे आतल्या छोट्या प्रार्थनागृहातल्या, जगाच्या अंताच्या भित्तिचित्रांचं काम १४४७ मध्ये फ्रा आंजेलिकोने सुरू केलं आणि अर्धवट राहिलं. १४९९ ते १५०४ या काळात लुका सिन्योरेल्लीने ते पुरं केलं. मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं, पण एक भिंत डोळ्यांच्या टप्प्यात आहे. ख्रिस्तासारखा दिसणारा एक तोतया चौथऱ्यावर उभा राहून उपदेश करतोय, आणि मागून सैतान त्याच्या कानाशी लागलाय. सैतानाचा हात तोतयाच्या झग्यातून असा आलाय की तो नेमका कुणाचा, हे दोनदा पाहिल्यावरही ठरत नाही. डाव्या कोपऱ्यात काळ्या कपड्यांत स्वतः सिन्योरेल्ली, शेजारी फ्रा आंजेलिको. पलीकडच्या भिंतीवर मेलेले लोक जमिनीतून कोपरांवर भार देत वर येतायत. काही अजून सांगाडेच आहेत, मांस चढायची वाट बघणारे. आई तिथे वीस मिनिटं बसली. सिएनात ती कुठेच वीस मिनिटं बसली नव्हती.

चढाचं थोडक्यात. सिएना तीन डोंगरसोंडांवर पसरलंय, त्यामुळे गावात शिरल्यावरही चढउतार संपत नाहीत. फ्लॉरेन्सहून बसने गेलात तर ती वर गावापर्यंत सोडते. रोमहून रेल्वेने मात्र बहुधा क्यूझीला गाडी बदलावी लागते. ऑर्व्हिएतो रोम-फ्लॉरेन्स मार्गावरच आहे (अतिवेगवान गाड्या थांबत नाहीत, साध्या गाडीचं तिकीट काढा). स्टेशनसमोरून दोरखंडावरची छोटी रेल्वे सरळ कड्यावर नेते, तिथून दुओमोपर्यंत लहान बस. वरचं गाव बरंचसं सपाट आहे.

दुपारी लहान चर्चं बंद होतात, दोन्हीकडे. ऑर्व्हिएतोत तेवढ्या वेळात सान पात्रित्झिओची विहीर उरकता येते. १५२७ मध्ये रोम लुटलं गेल्यावर पोप सातवा क्लेमेंट इथे आश्रयाला आला आणि वेढा पडला तर पाणी हवं म्हणून त्याने ती खणायला लावली. खोली ५३ मीटर. एकमेकांत गुंफलेले दोन गोल जिने, प्रत्येकी २४८ पायऱ्या. खेचरं एकाने उतरायची, दुसऱ्याने चढायची, समोरासमोर येण्याचा प्रश्नच नाही. गडावर गेल्यावर आधी पाण्याचं टाकं शोधणाऱ्या माणसाला ही विहीर आवडणारच. आई वरच थांबली, आइस्क्रीम खात.

संध्याकाळी दुओमोसमोर भिंतीलगतच्या दगडी बाकावर बसलो. दर्शनी भागाचं तोंड मावळतीकडे आहे, त्यामुळे उतरत्या उन्हात वरची सोनेरी मोझाइकं पेटल्यासारखी झाली. खाली दुओमोचा वास्तुकार-शिल्पकार माइतानी याच्या काळातलं कोरीवकाम. त्यात देव झोपलेल्या आदमची बरगडी काढतोय, अगदी शस्त्रक्रिया करावी तसा.

तुम्हाला सप्टेंबरात रजा मिळणार असेल तर मात्र माझं काही ऐकू नका. सिएनाची बस धरा, आणि त्या फरशीचे दोन चांगले फोटो मला पाठवा.