कोल्हापुरातल्या पेठेतल्या आमच्या हायस्कूलची लायब्ररी : चार स्टार, पाचवा किल्ली मिळाल्यावर

परवा पोरीच्या पालकसभेला गेलतो, सर यायला उशीर होता म्हणून सहज लायब्ररीत डोकावलो आणि पालकसभा राहिली बाजूला, दीड तास तिथंच बसलो. शाळेचं नाव लिहीत नाही, खाली थोडी बोंब पण मारलीय म्हणून. पेठेतल्यांना कळंलच.

मी याच शाळेचा, ९६ च्या दहावीचा. आमच्या टायमाला ही खोली म्हणजे काचेची कपाटं, कपाटांना कुलपं, किल्ली शिपाईमामांकडं आणि शिपाईमामा कायम बँकेत गेलेले. पुस्तक काचेतनंच बघायचं, गाभाऱ्यातल्या देवागत. पाच वर्षांत माझ्या नावावर तीन पुस्तकं पडली, त्यातलं एक निबंधाचं.

आता मुक्तद्वार केलंय. रॅक उघडे, पोरं स्वतः काढत्यात, चाळत्यात, परत ठेवत्यात (भलतीकडंच ठेवत्यात ते सोडा). लायब्ररीच्या मॅडमनी प्रत्येक पुस्तकाच्या कण्यावर ड्यूई पद्धतीच्या (विषयवार नंबर द्यायची पद्धत) नंबराची चिठ्ठी लावलीय, मराठी साहित्य ८९१.४६, भारताचा इतिहास ९५४. आमची सातवीतली पोरगी घरी येऊन सांगते, पप्पा मी आज ९५४ मधलं आणलंय. मला आधी वाटलं बसचा नंबर सांगतीय.

दोन पुस्तकं, आठ दिवस. उशीर झाला तर दंड नाही, पण ग्रंथालयाच्या तासाला उभं राहून पुस्तकात काय हाय ते पाच मिनटं सांगायचं, त्यामुळं काही पोरं मुद्दामच उशीर करत्यात म्हणे. दहावी झालेल्यांची पुस्तकं गोळा करून पुस्तकपेढी चालते, शिष्यवृत्तीचे जुने पेपर फायलीला लावलेत, रोजची वर्तमानपत्रं स्टँडवर असतात. कॉम्प्युटरपण हाय, त्याच्यावर कापड घातलंय. देवघेव अजून रजिस्टरातच.

मॅडमनी जुनं दाखल रजिस्टर (आलेल्या पुस्तकांची नोंदवही) दाखवलं, लाल कापडी बांधणी, टाकानं लिहिलेलं वळणदार अक्षर, किमतीच्या रकान्यात रुपये-आणे. काही पुस्तकांवर संस्थानच्या काळातला जांभळा शिक्का हाय, म्हणजे १ मार्च १९४९ ला कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन व्हायच्या आधीची खरेदी. आता बघा, करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं, शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आपल्या संस्थानानं १९४५ लाच केला, महाराष्ट्राचा यायला १९६७ उजाडलं. एवढं सगळं ज्या गावात झालं तिथं आम्ही नव्वदच्या दशकात काचेला नाक लावून उभे. जीव जळतो की.

२०१९ च्या महापुरात खोलीत गुडघाभर पाणी आलतं. सगळ्यात खालचा कप्पा गेला. वरची जी भिजली ती मॅडमनी आणि नववीच्या पोरांनी पानापानात रद्दी पेपर घालून, पंखे लावून वाळवली, अजून ती पुस्तकं तळलेल्या पापडागत वर आल्यात, मिटत न्हाईत, पण वाचता येत्यात. एका पुस्तकात तर पेपरचा तुकडा तसाच राहिलाय, पुराचीच बातमी. तवापासनं सगळ्या रॅकचा खालचा कप्पा मोकळा ठेवत्यात.

आता बोंब. मॅडम अर्धवेळ, त्या गेल्या की खोलीला कुलूप, म्हणजे दुपारच्या वर्गांना तास नसला तरी काही उपयोग नाही. आणि संस्थानच्या शिक्क्याची जुनी पुस्तकं हायत ते कपाट मात्र अजून बंदच. किल्ली ऑफिसात. मी मागितली तर अर्ज द्या म्हणाले, दिला, दुसऱ्या दिवशी फोन केला तर किल्ली ज्यांच्याकडं ते रजेवर. शिपाईमामा रिटायर होऊन किती वर्षं झाली, बँकेत जायचं काम मात्र कुणीतरी पुढं चालवतंय.

जाणार असाल तर मधल्या सुट्टीच्या आधी जावा, शनिवारी सकाळची शाळा असते. पुस्तकपेढीला द्यायची पुस्तकं घेत्यात पण गाईडं न्हाईत. मी दोन पिशव्या घेऊन गेलतो, एक तशीच परत आणली.