गाईडेड की ओपन? शोधातून विज्ञान शिकवायचं ठरवलेल्यांसाठी

जूनमध्ये नवा वर्ग हातात आला की सहावी-सातवीला विज्ञान शिकवणारं कुणी ना कुणी विचारतंच, की सर, यंदा मुलांना शोधातून शिकवायचं ठरवलंय, पण गाईडेड करू की सरळ ओपन? शोधातून म्हणजे काय, ज्ञानरचनावाद (मूल आपलं ज्ञान स्वतःच रचतं, हा विचार) म्हणजे काय हे इथं परत उगाळत नाही, प्रशिक्षणात आपण सगळ्यांनी चार्टपेपरवर त्याची वर्तुळं आणि बाण काढून झालेत. मी दोन्ही करून पाहिलंय, एका पद्धतीवर स्थिरावलोय, आणि का स्थिरावलो ते सांगतो. माझ्या शाळेपुरतं, माझ्या पटापुरतं धरा.

आधी एक बाजूला काढून ठेवतो. पुस्तकातलं 'करून पहा' जसंच्या तसं करून घेणं हे मी दोन्हीत धरत नाही. वाईट नाहीये ते, पण बऱ्याचदा कृतीच्या खालच्याच परिच्छेदात काय दिसेल ते छापलेलं असतं आणि आपली पोरं हुशार, ती आधी खालचं वाचतात आणि मग निरीक्षण लिहितात, काही जण तर साहित्याला हात न लावताच लिहून मोकळे होतात. त्यामुळे माझ्या हिशोबात गाईडेड म्हणजे प्रश्न सरांचा, सामान सरांनी जमवलेलं, पण उत्तर कुठंच छापलेलं नाही आणि सर ते सांगतही नाहीत. ओपन म्हणजे प्रश्नसुद्धा मुलांचा, आणि तो कसा सोडवायचा तेही मुलंच ठरवणार.

वेळेचं गणित पटकन उरकतो कारण ते सगळ्यांना माहितीये. गाईडेडला जोड तास मिळाला की एक प्रश्न बऱ्यापैकी धसास लागतो. ओपनला नुसता प्रश्न ठरवण्यात आठवडा जातो, कारण पहिल्या फेरीत येतात ते प्रश्न म्हणजे डायनासोर कसे मेले, ब्लॅक होलच्या आत काय असतं, टॉवरमुळे चिमण्या मरतात का. प्रश्न झकास आहेत पण वर्गात सुतळी, बाटली आणि मोजपट्टी घेऊन सुटणारे नाहीत, मग 'हे आपल्याला तपासता येईल का' या चाळणीतून ते गाळत बसायचं, त्यातून एखादा शेवग्यावरच एवढ्या केसाळ अळ्या का येतात, शेजारच्या कडुनिंबावर का नाही, असा निघतो आणि तो खरंच सोन्यासारखा असतो. पण घटक चाचणी तोवर डोक्यावर आलेली असते, आणि मधल्या चार दिवसांत ऑनलाइन माहिती भरायचा मेसेज ग्रुपवर पडलेला असतो.

खर्चाचं म्हणाल तर दोन्ही स्वस्तात होतं. अरविंद गुप्तांनी पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बसून कचऱ्यातून जी खेळणी करून दाखवली ती पाहिल्यावर सामान नाही ही सबब आपल्याला उरलेली नाही. फक्त गाईडेडला एकच वस्तू सात-आठ नग लागते, ओपनला सात-आठ वेगवेगळ्या वस्तू लागतात आणि त्यातली निम्मी ऐनवेळी घरी राहते.

ओपनचं कौतुक मात्र मनापासून करतो. आमच्याकडे बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं, साबण घासून घासून हात दुखतो पण फेस नाही. एका गटानं हाच प्रश्न घेतला, बोअरचं पाणी, पत्र्यावरून धरलेलं पावसाचं पाणी आणि जारचं पाणी. आता फेस मोजायचा कसा? यावर त्यांची तीन दिवस आपापसात जुंपली होती. शेवटी साबणाचं द्रावण थेंब-थेंब टाकायचं, बाटली ठरावीक वेळा हलवायची आणि फेस टिकून राहीपर्यंत किती थेंब लागले ते मोजायचं इथवर ती पोरं आपली आपण पोचली. पाण्याचा जडपणा तपासायची ही जुनी रीत आहे, त्यांना कुणी सांगितली नव्हती. मोजमाप स्वतः शोधून काढायचं हे गाईडेडमध्ये होत नाही, कारण तिथं काय मोजायचं ते मी आधीच ठरवलेलं असतं. एवढ्या एका बाबतीत ओपन पुढे आहे आणि ते मान्य करायला हवं. अशा कामाला शाळेबाहेर जागाही आहे, राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद 1993 पासून चालू आहे, 10 ते 17 वयाच्या मुलांनी आसपासचाच प्रश्न घेऊन केलेलं काम तिथं चालतं.

मग माझं कुठं बिनसलं? प्रिंटआउटवर नाही. झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतात, काही पालक तेच आणून देतात, त्यावर इलाज आहे, सगळं काम वर्गातच करून घ्यायचं. माझं बिनसलं ते सादरीकरणाच्या दिवशी, म्हणजे जो दिवस ओपनचा सगळ्यात गोड दिवस समजला जातो त्याच दिवशी. सात गट, सात प्रश्न. एक गट उभा राहिला, म्हणाला साखरेचं पाणी घातलेलं रोप साध्या पाण्यातल्यापेक्षा जास्त वाढलं. किती रोपं घेतली होती? दोन कुंड्या, प्रत्येकीत एक रोप, त्यातली साखरवाली खिडकीत आणि दुसरी कपाटाच्या बाजूला. वर्गानं ऐकून घेतलं आणि पावसाची टाळी वाजवली. पुढचा गट. परत पावसाची टाळी. जडपाणीवाल्यांनी एवढं डोकं लढवलं होतं, त्यांनाही तीच टाळी, तेवढीच. कुणी म्हणेना की अरे एकाच रोपावरून कसं काय, कुणी म्हणेना की खिडकीचं काय. आणि मुलांचा यात काडीचा दोष नाही, बाकीच्या सहा गटांनी ते केलेलंच नाही, हातात दुसरा आकडा नाही तर ती वाद घालणार कशाच्या जोरावर? मग खिडकीचा मुद्दा मीच काढायचा, म्हणजे फिरून बरोबर-चूक ठरवणारे सरच. दरवर्षी हेच व्हायला लागलं, आणि खरं सांगू, त्या टाळ्यांचा मला वैताग यायला लागला.

आता गाईडेडचा एक तास सांगतो, लंबकाचा. प्रश्न माझा: झोक्यावर जड माणूस बसला तर झोका सावकाश जातो का? हात वर करून अंदाज घेतला, बहुतेकांचं मत सावकाश. प्रत्येक टेबलाला दोरा, लहान-मोठे नट आणि एक घड्याळ. नटाच्या मध्यापर्यंत एक मीटर लांबी, दहा झोक्यांना किती सेकंद लागतात ते मोजा आणि फळ्यावर येऊन लिहा. फळ्यावर ओळ अशी: 20, 20, 21, 20, 18, 20, 20. मी गप्प. मला काही बोलायची गरजच पडली नाही, कारण 18 वर सगळ्यांची नजर गेली होती. मागच्या बाकावरून आलंच, सर ह्यांचं चुकलंय. त्यांनी परत मोजलं, परत 18. त्यांचं म्हणणं आमचा नट मोठा आहे म्हणून. मग शेजारच्या टेबलानं तोच नट आपल्या दोऱ्याला बांधला, आले 20. आता दोन्ही टेबलं तोंडावर तोंड. शेवटी एक मुलगी त्यांच्या बाकापाशी जाऊन नुसती बघत उभी राहिली आणि ओरडली, सर, हे सोडतानाच 'एक' म्हणतायत! म्हणजे त्यांचे दहा झोके म्हणजे नऊच होते, एका मीटरला एका झोक्याला साधारण दोन सेकंद, नवाला अठरा. सोडताना शून्य म्हणून मोजलं, 20 आले. नट बदलून काही फरक पडत नाही हे तोवर सगळ्या टेबलांवर आपोआप होऊन गेलं होतं.

लगेच दुसरा प्रश्न, लांबी चौथाई केली, 25 सेंटीमीटर, तर? वर्गाचं एकमत, 5 सेकंद. आले 10. दुरुस्त होऊन बसलेल्या त्या टेबलालाही 10. एकाच गटाला आले असते तर चुकलं म्हणून सोडून दिलं असतं, पण सातही टेबलांवर 10 आल्यावर पळवाट राहत नाही, आपला अंदाजच चुकीचा होता हे पोरांना गिळावं लागतं. हे भांडण सगळ्यांचा प्रश्न एक असतो तेव्हाच होतं. मी गाईडेडकडे झुकलो त्याचं एवढंच कारण आहे, बाकीचं सगळं वेळापत्रक आणि सोयीचं.

नवल म्हणजे ही काही आजची रीत नाहीये. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात 1972 साली किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी 16 शाळांत विज्ञान शिक्षणाचा जो कार्यक्रम सुरू केला, 1978 मध्ये तो जिल्हाभर गेला, पुढे एकलव्य या संस्थेनं सांभाळला आणि 2002 साली सरकारनं बंद केला, तो याच वळणाचा. मुलं टोळ्या करून बसायची, किट सगळ्यांना सारखं, पुस्तकात प्रश्न असायचे पण उत्तरं छापलेली नसायची, आणि परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा. हा शेवटचा भाग आपल्याकडे कधी येईल तेव्हा येईल. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी माझ्या वर्गाच्या वह्या चाळून विचारलं होतं, सगळ्यांची निरीक्षणं वेगवेगळी कशी? मी म्हटलं, सर, मोजलीयत म्हणून.

अभ्यासकांमध्येही यावर जुंपलेली आहे. 2006 साली किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी लिहिलं की नवख्या मुलांना फार थोड्या मार्गदर्शनावर सोडलं तर त्यांच्या डोक्यावर नको तेवढा ताण येतो आणि शिकणं मागे पडतं, आणि 2007 मध्ये त्याला उत्तर आलं की चांगल्या शोधाधारित वर्गात आधार भरपूर असतो, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात घालताय. मला दोघांचंही पटतं, म्हणूनच मी मधे उभा आहे, जरा गाईडेडच्या अंगाला.

गाईडेडची खोड सांगायलाच हवी, नाहीतर म्हणाल सर एकतर्फी बोलतात. ती खोड म्हणजे मुलं आपला चेहरा वाचतात. आपण एखाद्या टेबलापाशी जरा जास्त वेळ रेंगाळलो की ते आकडे खोडायला लागतात, सरांना काय हवंय ते ओळखा हा खेळ सुरू होतो. यावर मला सापडलेला उपाय म्हणजे ज्या प्रश्नाचं प्रचलित उत्तरच डळमळीत आहे असे काही प्रश्न मुद्दाम घ्यायचे. बशीत पाणी, मधे मेणबत्ती, वर ग्लास पालथा. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं. ऑक्सिजन संपला म्हणून त्याच्या जागी पाणी आलं, हे आपण सगळे ऐकत आलोय. पोरांना फक्त एवढंच सांगायचं की पाणी कधी चढतं ते बघा. ज्योत विझत आल्यावर आणि विझल्यानंतरच ते झपकन चढतं. ऑक्सिजन हळूहळू संपत असेल तर पाणी हळूहळू चढायला हवं ना? कुणाला तरी ग्लासाच्या कडेनं सुरुवातीला सुटलेले बुडबुडे दिसतात, म्हणजे तापलेली हवा फुगून बाहेर पडली आणि उरलेली थंड होताना आकसली. आणि मग कुणीतरी विचारतं, दोन मेणबत्त्या लावल्या तर? लावल्या. पाणी जास्त चढलं, ग्लास तोच, आतला ऑक्सिजन तेवढाच. हा दोन मेणबत्त्यांचा प्रश्न माझा नव्हता. गाईडेडच्या पोटातून ओपन असा निघतो, आणि असा निघालेला प्रश्न सगळ्या वर्गाला कळलेला असतो, कारण सगळ्यांनी आत्ताच एक मेणबत्ती विझवलेली असते.

इतर प्रश्नांसाठी वर्गात एक खोकं ठेवलंय, चिठ्ठ्या टाकायच्या. ही आयडियाही होशंगाबादचीच म्हणायला हरकत नाही, तिथली मुलं सवालीराम नावाच्या काल्पनिक माणसाला पत्रं लिहून वाट्टेल ते विचारायची. डायनासोर, ब्लॅक होल सगळं त्या खोक्यात जातं, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर एकच प्रश्न निवडून सगळा वर्ग त्याच्या मागे लागतो. सात गटांना सात नाही, सगळ्यांना मिळून एक. जड पाण्याचा प्रश्न पुढच्या वर्षी असाच सगळ्यांना दिला, तेव्हा थेंबांच्या आकड्यांवरून इतकी हमरीतुमरी झाली की मुख्याध्यापकांनी येऊन दारातून डोकावलं.

तुमचा पट वीसच्या आत असेल, जोड तास हक्काचा असेल आणि मुलांना आधी दोनेक वर्षं मोजायची, लिहायची सवय लागलेली असेल तर ओपन जरूर घ्या, माझं ऐकू नका. पट चाळीस आणि तास पस्तीस मिनिटांचा असेल तर मी तरी गाईडेडच सुचवीन. लंबकापासून सुरू करणार असाल तर दोरा टेलरकडचा जाड घ्या, सुतळी नको, तिला पीळ असतो आणि नट झोक्याऐवजी गरागरा फिरत बसतो. नट हार्डवेअरच्या दुकानात वजनावर मिळतात, तीन आकाराचे घ्या, आणि घड्याळं कमी पडली तर दोन टेबलांना एक दिलं तरी चालतं.