जुन्या छोट्या हत्तीच्या कामात झालेली माझी फसवणूक

जुना टेम्पो घेऊन, त्याचं डेंटिंग-पेंटिंग करून धंद्याला लावायचा विचार करत असाल तर हे पूर्ण वाचा. मी गेल्या वर्षी एक लाख पंधरा हजार रुपये मोजून फक्त काळा रंग विकत घेतला. पैशांचं दुःख आहेच, पण माझ्या टेम्पोमागून त्या दिवशी स्कूटरवर एक बाई आणि तिचा शाळेच्या गणवेशातला मुलगा येत होता, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. म्हणून लिहितोय.

माझी ऐरोलीत छोटी नर्सरी आहे. कुंड्या, लाल माती, शेणखत, कोकोपीट असा माल सोसायट्यांमध्ये पोचवायचा असतो. भाड्याचा टेम्पो परवडेना, आणि नवीन घ्यायची ऐपत नव्हती. मनात छोटा हत्तीच, म्हणजे टाटा एस, होता. टाटा एस 2005 मध्ये बाजारात आली, आणि त्यानंतर दीड-दोन वर्षांतच बाबांनी आमचा पहिला टेम्पो घेतला होता. वाशी मार्केटमधून भाजी भरून ठाण्याला आणायचे. दोन सिलिंडरचं 702 सीसीचं ते इंजिन सीटखाली थडथडायचं, आणि हिवाळ्यात पहाटे आम्ही मुलं त्याच्या उबेला बसायचो. पुढे कर्जापायी तो विकावा लागला. तसाच एखादा घेऊन, नीट करून, बाबांना त्यात बसवून आणायचं, असं माझ्या फार मनात होतं.

गाडी मिळाली बेलापूरच्या दिवाळे गावात, कोळीवाड्यात. 2009चं मॉडेल. विकणारे काका मासळीची वाहतूक करायचे. बर्फाचं आणि मिठाचं पाणी रोज हौद्यातून खाली गळत होतं. त्यांनी काहीही लपवलं नाही. मला वाकायला लावलं, हाताने दाखवलं आणि म्हणाले, "इंजन बरा हाय, पन खालून मिठानं खाल्लाय. काम करनार असशील तरच ने." स्टेपनीचा ब्रॅकेट सडून गेला होता, म्हणून त्यांनी जाळ्याच्या निळ्या नायलॉन दोरीने स्टेपनी मागच्या क्रॉस मेंबरला, म्हणजे चेसिसच्या आडव्या पट्टीला, बांधली होती. स्टेपनी सोडून हौद्यात टाकली, पण दोरीची गाठ इतकी आवळली होती की ती तिथेच राहिली. ही गाठ लक्षात ठेवा.

बासष्ट हजारांत व्यवहार झाला. कागदांत काही खोट नव्हती. कर्जाचा बोजा उतरलेला, चलन बाकी नाही, विमा चालू, पासिंग डिसेंबरपर्यंत. 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर काकांनी माझ्यासमोर सह्या केल्या आणि वाशी आरटीओत गाडी महिन्याच्या आत माझ्या नावावर झाली. जुनी गाडी विकणारा फसवतो असं आपण धरून चालतो. माझ्या बाबतीत विकणारा माणूस सोन्यासारखा निघाला. फसवणूक पुढे गॅरेजमध्ये झाली.

गॅरेज रबाळे-दिघा पट्ट्यातलं. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. मालक बोलायला गोड. गाडीखाली गेला, पाच मिनिटांत बाहेर आला आणि वहीत लिहून दिल्यासारखं सांगत गेला: केबिनचा तळ नवीन, दोन्ही बाजूंचे खालचे पत्रे नवीन, मागचे दोन क्रॉस मेंबर बदलायचे, पाट्यांचे (स्प्रिंगांचे) हँगर नवीन, चेसिस जिथे सडली तिथे कापून जाड चॅनल बसवायचा, इंजिनला पिस्टनच्या रिंगा आणि डिझेलचे नोजल, मग रंग. "दादा, शोरूममधून काढल्यासारखी देतो. दहा-पंधरा दिवस." एक लाख पंधरा हजार ठरले. पन्नास हजार मी तिथेच मोबाइलवरून पाठवले. लिहून काही घेतलं नाही. वही त्याची, अक्षर त्याचं, आणि वहीही त्याच्याकडेच राहिली.

तेव्हा मृग लागला होता, पाऊस सुरू झालेला. इथेच मला थांबायला हवं होतं. गंज काढल्यावर लोखंड कोरडंठाक झाल्याशिवाय त्यावर काही लावायचं नसतं, आणि जून-जुलैत आपल्याकडे खाडीच्या हवेत उघडं लोखंड एका रात्रीत पुन्हा तांबूस होतं. मीठ लागलेल्या लोखंडाचं तर विचारूच नका. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, आणि ती ओल लोखंड खात राहते. आधी गोड्या पाण्याने भरपूर धुवायचं, तारेच्या ब्रशने पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासायचं, वाळवायचं, रेड ऑक्साइड मारायचा आणि शेवटी काळं कोटिंग. हा क्रम चुकवून गंजावरच कोटिंग मारलं तर ओल आत कोंडते, आणि बाहेरून गाडी चकचकीत दिसत असताना आतून सडत जाते. चांगला कारागीर असलं काम दिवाळीनंतर घे म्हणतो. माझ्या गॅरेजवाल्याला घाई होती, आणि गणपतीच्या आधी गाडी हवी म्हणून मलाही होती. गणपतीत सोसायट्यांच्या कुंड्यांची मागणी मोठी असते.

पंधरा दिवसांचे दोन महिने झाले. मी फोन केला की फोटो यायचे. एका फोटोत लालभडक रेड ऑक्साइड मारलेला नवा कोरा क्रॉस मेंबर होता. तो मी बाबांनाही दाखवला. बाबा फोटो मोठा करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "जाऊन बघून ये." मी गेलो नाही, उलट आणखी पंचवीस हजार पाठवले. फोटोतली जमीन सिमेंटची होती. त्याच्या गॅरेजची जमीन मातीची आहे, तेलाने काळी झालेली. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता.

गणपतीच्या आठ दिवस आधी गाडी मिळाली. दिसायला खरंच देखणी. पांढरी केबिन, फाळक्यावर निळी पट्टी, खाली काळंकुळकुळीत. गाडी आधीच सुरू करून गरम ठेवलेली होती. उरलेले चाळीस हजार रोख दिले. बिल मागितलं तर म्हणाला, "जीएसटी लावू का? अठरा टक्के जास्त पडतील." मी गप्प बसलो.

दुसऱ्याच दिवशी लाल माती भरली. माती वजनावर घेतो, त्यामुळे काट्याची पावती होती: 620 किलो. या गाडीची क्षमता 750 किलोची. ऐरोलीहून घोडबंदर रोडला निघालो. वाघबीळच्या पुढे गतिरोधकावर मागून 'खाड्' असा आवाज आला आणि गाडी डावीकडे बसली. आरशात पाहिलं तर दोन गोणी रस्त्यावर, आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर ती स्कूटर आडवी थांबलेली. बाईने पाय टेकवून कशीबशी सावरली होती. मुलगा रडत होता. त्यांना काही झालं नाही. मी हात जोडले, तर ती म्हणाली, "दादा, गाडी बघून तरी चालवा." या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

डाव्या बाजूचा पाट्याचा हँगर चेसिसमधून उपटून आला होता. लोखंडाचा तुकडा बिस्किटासारखा हातात चुरला.

गाडी ओढून कळव्याला नेली. तिथे एक म्हातारे वेल्डर काका आहेत, बाबांच्या ओळखीचे. त्यांनी आधी खिशातून जुन्या स्पीकरचं चुंबक काढलं आणि केबिनच्या खालच्या पत्र्यावर फिरवलं. वर चिकटत होतं, पण खालच्या चार बोटांत जागोजागी गळून पडत होतं. तिथे लोखंड नव्हतंच, सगळी पुट्टी. मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेले. चांगल्या लोखंडाचा टणटणीत आवाज येतो. इथे पुठ्ठ्यावर ठोकल्यासारखा यायचा. एक ठिकाण त्यांनी उकरलं, तर पुट्टीमागून वर्तमानपत्राचा बोळा निघाला. ओला. एका कोपऱ्यावर सोन्याच्या दुकानाची जाहिरात अजून वाचता येत होती.

केबिनमधली मॅट उचलली. तळ नवीन दिसत होता. काकांनी रिवेट तोडले आणि पत्रा उलटा केला, तर त्यावर खाद्यतेलाच्या डब्याचं छापील चित्र. पंधरा किलोच्या डब्याचा पत्रा सरळ करून जुन्या सडक्या तळावर ठोकला होता. मी त्यावर पाय ठेवून क्लच दाबत होतो.

नंतर मी स्वतः गाडीखाली झोपलो. काकांनी टॉर्च धरला आणि मागच्या क्रॉस मेंबरकडे बोट केलं. तिथे एक जाड काळी गाठ होती. नखाने कोटिंग खरवडलं. आतून निळा रंग आला. दिवाळ्याच्या काकांची दोरी.

नायलॉन वेल्डिंगच्या धगीजवळ क्षणभर टिकत नाही, वितळून त्याचा गोळा होतो. ज्या क्रॉस मेंबरचे पैसे घेतले, जो बदलला म्हणून फोटो पाठवला, त्याच्या आसपासही वेल्डिंगचा हात गेला नव्हता. दोरी सोडण्याचेही कष्ट घेतले नव्हते. गंजावर, चिखलावर, गाठीवर, सगळ्यावर एकच काळा फवारा.

इंजिनचं तेच. काकांनी सकाळी थंड गाडी सुरू करून ऑइलचं झाकण उघडलं, तर धूर भकाभका बाहेर. याला आपल्याकडे बॅक कॉम्प्रेशन म्हणतात; रिंगा झिजल्याची खूण. जाड ऑइल भरून गाडी गरम करून दिली, म्हणून मला घेताना कळलं नव्हतं. बॅटरीही माझी नव्हती, दुसरी कुठलीतरी जुनी टाकलेली.

गॅरेजवर गेलो. मालक म्हणाला, "तुम्ही ओव्हरलोड भरला." मी काट्याची पावती दाखवली. मग म्हणाला, "एवढ्या जुन्या गाडीची गॅरंटी कोण देतं?" दोरीबद्दल विचारलं तेव्हा आत निघून गेला. पोलीस ठाण्यात अर्ज दिला, पण पैशांचा वाद आहे, कोर्टात जा असं सांगण्यात आलं. अर्जाची पोच मात्र मी घेतली. नंतर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला आणि शेवटी ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. काम करून घेतलेली सेवाही ग्राहक कायद्यात येते. गाडी धंद्याची असली तरी स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः वापरत असाल तर तुम्ही ग्राहकच. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मोबाइलवरून पाठवलेल्या पंचाहत्तर हजारांचा पुरावा माझ्याकडे आहे. रोख दिलेल्या चाळीस हजारांचा काहीच नाही. बिलाशिवाय रोख देऊ नका हो. अठरा टक्के वाचवायला गेलो आणि हातातला कागदच गमावला.

गाडी मी भंगारात दिली नाही. कळव्याच्या काकांनी डिसेंबरात काम हाती घेतलं. हौदा आधी उतरवला, कारण हौदा न उतरवता चेसिसचं काम करतो म्हणणारा वरवरचंच करणार. त्यांनी पूर्ण चेसिस घासली, सडलेला भाग तिरका कापला, आतून फिश प्लेट, म्हणजे जोडपट्टी, देऊन जोडला. सरळ उभा काप सगळा भार एका रेषेवर घेतो आणि तिथेच पुन्हा तुटतो, हे त्यांनी खडूने चेसिसवर रेघ ओढून मला समजावलं. वेल्डिंगआधी दर वेळी बॅटरीची वायर काढायचे. चेसिस नंबरावर गॅरेजवाल्याने कोटिंग थापलं होतं, ते कापडाला थिनर लावून हलक्या हाताने पुसलं. ग्राइंडर तिथे फिरवू दिला नाही, कारण पासिंगला त्या नंबराची पेन्सिलने छाप घेतात आणि एक अंक जरी घासला गेला तरी गाडी चोरीची ठरवली जाऊ शकते. प्रत्येक थर लावायच्या आधी मला बोलवायचे. "बघ, हात लाव, मग मी रंग मारतो." जुना काढलेला प्रत्येक तुकडा त्यांनी गोणीत भरून माझ्या हवाली केला. जो खरंच नवीन भाग बसवतो, त्याच्याकडे जुना असतोच. गॅरेजवाल्याकडे जुने तुकडे मी एकदाही मागितले नव्हते.

अठ्ठ्याहत्तर हजार लागले. हातबिल आहे, प्रत्येक ओळ लिहिलेलं. जानेवारीत पासिंग झालं. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला ते दर वर्षी करावं लागतं, तेव्हा पुढच्या जानेवारीतही त्याच काकांकडे गाडी आधी दाखवून नेणार आहे. बाबांना बसवून पहाटे वाशी मार्केटला जाऊन आलो. ते सीटखालच्या आवाजाकडे कान देऊन बसले होते.

क्रॉस मेंबर कापायच्या आधी काकांनी माझ्या हातात चाकू दिला. दोरी मी गाठीसकट कापून घेतली. अर्धी काळी, अर्धी निळी. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तक्रारीच्या फाइलला लावली आहे. पुढची तारीख तीन आठवड्यांनी आहे.