खाली बसवलेल्या (उंची कमी केलेल्या) गाडीला कोणती चाकं: ७.५ इंची की ८.५ इंची?

दोन्ही रिमचा व्यास १७ इंचच. एक ७.५ इंच रुंद, ऑफसेट (रिमच्या मधल्या रेषेपासून हबला टेकणाऱ्या बाजूपर्यंतचं अंतर) ४५ मिमी, त्यावर २१५/४५ टायर, म्हणजे रुंदी २१५ मिमी आणि बाजूची उंची तिच्या ४५ टक्के. दुसरी ८.५ इंच रुंद, ऑफसेट ३५, त्यावर २२५/४५. कागदावर फरक किरकोळ वाटतो, पण हिशोब करून बघा. एक इंच जादा रुंदी म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिमी. त्यात ऑफसेट १० ने कमी, म्हणजे अख्खं चाक १० मिमी बाहेर. रिमची बाहेरची कड जवळजवळ २३ मिमी पुढे येते, आतली मात्र सस्पेन्शनकडे जेमतेम ३ मिमी सरकते. त्यामुळे घासण्याचा धोका मुख्यतः फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, कडेला, आणि तोही खड्ड्यात चाक वर उचललं गेलं की.

उभ्या गाडीत टायर आणि फेंडरमध्ये बोट घालून अंदाज घेऊ नका. मागे चार माणसं बसवा, स्टिअरिंग पूर्ण वळवा, मग पाहा.

रुंद रिम दिसते देखणी, हे मान्य. पण ती बसवायला अनेकदा फेंडरची कड आत वळवावी लागते, आणि तिथला रंग तडकला की गंज धरतो. रोज चालवायच्या गाडीला मी ७.५ इंचीच घेईन. तरीही आतल्या लाइनरला (चाकावरच्या पोकळीतल्या प्लास्टिकच्या आवरणाला) टायर लागत असेल, तर २१५/४० लावा: व्यास सुमारे २१ मिमीने घटतो, वर साधारण ११ मिमी जागा मिळते. स्पीडोमीटर मात्र तीनेक टक्के जास्त वेग दाखवू लागेल.