हरणांच्या फूड प्लॉटसाठी ‘नुसतं फेका’ बियाणं: पाचपैकी दोन तारे

पिशवीवर झाडासारख्या शिंगांचा नर, मागे धुकं, खाली ठळक अक्षरांत ‘नांगरट नको, नुसतं फेका’. नवरा भुलला आणि फूड प्लॉटसाठी, म्हणजे हरणांना चरायला मुद्दाम पेरलेल्या तुकड्यासाठी, दहा पौंडांची पिशवी घेऊन आला. पाव एकराला पुरते म्हणे. मी शेतकऱ्याची मुलगी, त्यामुळे चित्र सोडून आधी शिवणीला लावलेली चिठ्ठी उलटी करून वाचली. १९३९ च्या फेडरल सीड ॲक्टची कृपा, की अमेरिकेत कंपनीला पुढच्या बाजूला कितीही फुशारक्या मारता आल्या तरी मागे आत काय भरलंय ते टक्क्यांत लिहावंच लागतं.

आमच्या पिशवीत वार्षिक रायग्रास (चाऱ्याचं गवत) ४२ टक्के, ओट्स १८, सलगम ५, पांढरं क्लोव्हर (लसूणघासासारखं द्विदल चारापीक) ४ आणि बियांवरचा लेप ३० टक्के. उरलेला टक्का इतर पिकांचं बी आणि काडीकचरा. म्हणजे दहा पौंडांतले तीन पौंड नुसता लेप. लेप वाईटच असतो असं नाही, त्यात क्लोव्हरच्या मुळांवर गाठी करणारे जिवाणू असतात आणि थोडी ओल धरायलाही मदत होते. पण पैसे आपण बियाण्याचे मोजतो. हरणं ज्याच्यासाठी पुन्हा पुन्हा येतात ते क्लोव्हर या पिशवीत जेमतेम १८० ग्रॅम निघतं. नुसतं क्लोव्हर पेरायचं तर एकरी सहा ते आठ पौंड बी धरतात, पाव एकराला दीड-दोन पौंड. काय ते समजा.

आमची जागा पेनसिल्व्हेनियात, डोंगराच्या कडेला, ओकच्या जंगलाला लागून अर्धा एकर मोकळी. माहेरी रोही आणि हरणं हाकलायला रात्र रात्र मचाणावर काढतात, आणि इथे मी त्यांना बोलावणं धाडायला पैसे खर्च करते, हे आईला अजून सांगितलेलं नाही. शिकार आम्ही करत नाही. शेजारचे काका धनुष्यबाणाने करतात, त्यांना आमच्या हद्दीत यायची मुभा आहे. मक्याचा ढीग टाकून हरणं का बोलवत नाही, असं विचारणाऱ्यांसाठी: ढिगावर शिकार करणं इथे जवळपास सगळीकडे बेकायदा आहे, आणि २०१२ मध्ये राज्यात हरणांचा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज (हरणं झिजून मरतात तो रोग) सापडल्यापासून काही भागांत नुसतं खायला घालणंही बंद आहे. एकाच ढिगात सगळ्यांची तोंडं गेली की लाळेतून रोग पसरतो. उगवलेलं पीक चालतं. राज्याचं गेम कमिशन (वन्यप्राणी आणि शिकार बघणारं खातं) स्वतःच सरकारी रानात असे प्लॉट पेरतं.

पिशवी आलीच होती, म्हणून जागेचे दोन भाग केले. पाव एकरात पिशवी. उरलेल्या पाव एकरात फीड मिलमधून (जनावरांचं खाद्य विकणाऱ्या गिरणीतून) सुटं आणलेलं बी: बारा पौंड ओट्स, बारा पौंड राय (हे धान्य, वरचं रायग्रास नव्हे, नावावर जाऊ नका) आणि दोन पौंड पांढरं क्लोव्हर. माती एकच, चुना एकच, पेरणी एकाच दिवशी, ऑगस्टच्या शेवटी पाऊस यायच्या आदल्या संध्याकाळी.

चुन्याचं पिशवीवर अवाक्षर नाही, आणि माझी खरी तक्रार ही आहे. पेन स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत माती पाठवली तर पीएच आला ५.४, म्हणजे माती आंबट. क्लोव्हरला सहाच्या वर लागतो. आंबट मातीत गाठींचे जिवाणू नीट काम करत नाहीत, फॉस्फरस जमिनीतच अडकून बसतो, मग तुम्ही महागडं खत ओता नाहीतर नवस बोला. अहवालात एकरी दोन टन चुना सांगितला होता. आमच्या अर्ध्या एकराला एक टन, म्हणजे चाळीस पौंडांच्या पन्नास पिशव्या. त्या आम्ही एप्रिलमध्येच टाकल्या, कारण चुना मातीत मुरायला महिने लागतात. ‘नुसतं फेका’ वाचून ऑगस्टमध्ये जागे होणाऱ्याचं काय होत असेल, देव जाणे.

‘नांगरट नको’ हे मात्र अर्धं खरं. तण आधी मारलं आणि पालापाचोळा ओढून माती उघडी केली तर क्लोव्हरचं बी फेकून उगवतं. ते इतकं बारीक असतं की पाव इंचाच्या खाली गेलं तर वर येत नाही, म्हणून फोकून वरून लॉनचा रोलर फिरवला की झालं. पण पाल्यावर पडलेलं बी पाल्यावरच वाळतं. मुद्दाम एक पट्टा न ओढता ठेवला होता, त्यात रायग्रासची चार पाती आली.

सुरुवातीला पिशवीचा भाग असा हिरवागार झाला की नवरा रोज फोटो काढायचा. रायग्रास झटपट येतंच. मी दोन्ही भागांत तारेच्या जाळीचा एकेक गोल पिंजरा ठोकला, म्हणजे आत हरणाचं तोंड जाणार नाही आणि कोणी किती खाल्लं ते दिसेल. ऑक्टोबरच्या मध्यावर मिलच्या भागात पिंजऱ्यात ओट्स गुडघ्याएवढे आणि बाहेर घोट्याएवढे. पिशवीच्या भागात आतलं-बाहेरचं जवळपास सारखंच. खाणारी हरणंच होती, हे वाकून बघितल्यावर कळतं. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, ते पान ओढून तोडतं, त्यामुळे टोक फाटलेलं, रेषा लोंबणारं राहतं. सशाने खाल्लं तर कात्रीने कापल्यासारखा स्वच्छ तिरपा काप दिसतो. मिलच्या भागात सगळी टोकं फाटलेली होती.

सलगमला कडक थंडी पडेपर्यंत कोणी हुंगलंही नाही. यात पिशवीचा दोष नाही. थंडीनंतर त्याला गोडी येते आणि नव्या जागेतल्या हरणांना पहिल्या वर्षी हे काय आहे तेच कळत नाही, असं काका म्हणाले. डिसेंबरअखेर काही गड्डे कुरतडलेले दिसले.

वसंतात निकाल लागला. ओट्स थंडीने मेले, राय मेमध्ये कापली आणि खालून क्लोव्हरची गादी वर आली. नीट राखली तर तीन-चार वर्षं चालेल. पिशवीच्या भागात रायग्रास कंबरेला लागलं, निसवलं आणि ते १८० ग्रॅम क्लोव्हर कुठे गेलं ते शोधावं लागलं. आता तिथे फक्त गवत मारणारं क्लेथोडिम फवारून क्लोव्हर वरून पुन्हा टाकावं लागणार.

कंपनीला चिठ्ठीचा फोटो पाठवून विचारलं. दुसऱ्या दिवशी अतिशय गोड उत्तर आलं, सोबत पुढच्या खरेदीवर सूट देणारं कूपन. प्रश्नाचं उत्तर नाही.

दोन तारे देते: एक उगवणीला, चिठ्ठीवर लिहिली होती तेवढी खरंच झाली, आणि एक बी फेकायच्या यंत्राच्या सेटिंगला, ते मागच्या बाजूला नेमकं छापलंय आणि मिलच्या बियाण्यालाही मला तेच कामाला आलं. मिलमध्ये जाणार असाल तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच जा. आमच्याकडे महिना अर्धा झाला की ओट्स संपलेले असतात.